खादी चमकत नाही

मी जन्माची संशयी नव्हे, नोकरीनं झाले. बत्तीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत कापड तपासलं, आणि त्यातली शेवटची वीस वर्षं नुसतं झेंड्याचं कापड. राष्ट्रध्वज लोकांना फडकताना दिसतो. मला तो टेबलावर आडवा पडलेला दिसायचा. सुताला पीळ किती, केशरी रंग धुण्यात उतरतो का, लांबी-रुंदीचं माप तीनास दोन बसतं का, चाकाला आरे चोवीसच आहेत का. एक गोष्ट चुकली की शिक्का: नापास. आमचे हे म्हणायचे, "हिला देवानं दर्शन दिलं तरी ही आधी पितांबराचा काठ उलटून बघेल." ते गेले, मी निवृत्त झाले, कोल्हापुरात घरी बसले, आणि उलटून बघायला मेथीच्या जुड्या तेवढ्या उरल्या.

अशात गेल्या डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातून एका सरपंचबाईंचं पत्र आलं. नाव कविताताई. आमच्या प्रयोगशाळेतल्या कुणीतरी माझा पत्ता दिला होता. पत्रातला मजकूर असा: पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीसला आमच्या गावच्या चावडीवर चढवलेला झेंडा अजून शाबूत आहे. येत्या सव्वीस जानेवारीला तो ग्रामपंचायतीत काचेच्या चौकटीत लावायचा आहे आणि खाली दगडी पाटी बसवायची आहे. पण पाटीवर नाव कुणाचं, यावरून भांडण लागलंय. गावातले शेतकरी मारोतराव म्हणतात, झेंडा माझ्या वडिलांनी नागपूरहून विकत आणला. गावालगतच्या बंजारा तांड्यातल्या झमकूबाई म्हणतात, माझ्या आईनं हातानं केला. तुम्ही जाणकार, तुम्ही बघून सांगाल ते नाव कोरू. पाटीवाला पंचवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत थांबायला तयार आहे.

पत्र वाचून माझ्या कपाळाला आठी पडली. सत्तेचाळीसचा म्हणून दाखवलेले झेंडे मी खूप पाहिलेत, आणि त्यातले बहुतेक साठ-सत्तर सालचे निघालेत. शिवाय एक हिशेब मला तेव्हाच खटकला. आधीच्या झेंड्यावर चरखा होता. चरख्याच्या जागी चाक घ्यायचं ठरलं ते बावीस जुलैला, आणि स्वातंत्र्य आलं पंधरा ऑगस्टला. मधे दिवस मोजून चोवीस. आता मला सांगा, ना फोन, ना टीव्ही, अशा काळात चोवीस दिवसांत चोवीस आऱ्यांचं चाक पैनगंगेच्या खोऱ्यातल्या आडगावात पोचलं कसं? मी कविताताईंना कळवलं, येते. खोटं पकडायला जाण्याचा उत्साह काही वेगळाच असतो, उगाच कशाला लपवू.

बोरी अरब, जिथं मला जायचंच नव्हतं

रात्रभराचा प्रवास सोडून देते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सकाळी यवतमाळच्या स्टँडवर उतरले. मला आर्णीला जायचं होतं. एक गाडी लागलेली दिसली, खिडकीची जागा मिळाली, बसले. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "बाई, हे गाडी आर्णीले नाई जात. दारव्ह्याले जाते."

मी त्यांच्याकडं नीट बघितलं. त्यांची नजर खिडकीवर होती. मनात म्हटलं, वा रे वा, जागा पाहिजे होय! मी पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि "मला माहीत आहे" असं ठणकावून सांगितलं. ते बिचारे शेजारीच टेकले. तासाभरानं कंडक्टर तिकिटाला आला, तोवर बोरी अरब आलं होतं. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. त्या गृहस्थांनी नुसतं एवढंच विचारलं, "काहून नाई आयकलं बाई?"

त्यांनीच मला उतरवून घेतलं. बोरीचा बाजाराचा दिवस नव्हता, तरी रस्त्याकडेला बोरांचे आणि तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग होते. चहाच्या टपरीवर त्यांनी मला बाकावर बसवलं आणि दारव्ह्याहून आर्णीची गाडी किती वाजता आहे ते तीन जणांना विचारून दिलं. चहात साखर इतकी की दाताला चिकटली. मी पैसे द्यायला गेले तर म्हणाले, "राहू द्या ना, आमच्या गावात चुकल्या तुमी." आमच्याकडं चुकलेल्या माणसाला आधी हसतात, मग वाट सांगतात. इथं हसलं कुणी नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

आर्णीला पोचायला दुपार झाली. स्टँडबाहेर दुकानं झेंड्यांनी भरली होती: प्लास्टिकचे, कागदाचे, मोटारसायकलीच्या हँडलला लावायचे. मी सवयीनं एक उचलून आरे मोजले. बावीस. दुसरा उचलला. चाक अंड्यासारखं लांबट. दुकानदाराला म्हटलं, "अहो, यात दोन आरे कमी आहेत." तो म्हणाला, "मावशी, दहा रुपयात कोन मोजते?" उत्तर चोख होतं, पण दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

तांडा, चोवीस जानेवारी

कविताताई मला न्यायला स्कूटी घेऊन आल्या. तिशीच्या, चटपटीत, डोक्याला ओढणी करकचून बांधलेली. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर दोन्ही पक्षांची पत्रं मला येतील. आर्णी आणि महागावच्या मधे कुठंतरी, एवढं पुरे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, शेवटची वेचणी चालली होती. तूर कापून पेंढ्या लावल्या होत्या. आमच्याकडं ऊस डोक्यावरून जातो, पलीकडचं काही दिसत नाही. इथं नजर पार टेकडीपर्यंत मोकळी जाते. एवढ्या उघड्यावर खोटं लपवायचं कसं, असं वाटून गेलं. पण ट्रंकेत लपवता येतं, हेही लगेच वाटलं.

"तुम्ही कुणाच्या बाजूच्या?" मी मागून विचारलं.

"मी ना गावची, ना तांड्याची. सून हाये मी इथली," कविताताई म्हणाल्या. "दोघंबी मले मत देतेत अन् दोघंबी मले शिव्या देतेत."

तांडा गावापासून अर्ध्या कोसावर. पन्नास-साठ घरं, बरीचशी पक्की, दारात ट्रॅक्टर, आणि मधोमध त्यांच्या संतांच्या देवळावर पांढरं निशाण. हे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखातून मुलखात न्यायचे. आता शेती करतात. घरात गोरबोली, बाहेर वऱ्हाडी. आम्ही तुम्ही जे कुणी त्यांच्यातले नाही, ते सगळे त्यांच्या लेखी 'कोर'. झमकूबाईंनी मला बघून पहिला शब्द तोच उच्चारला. कविताताईंना विचारलं, "ही कोर बाई सांगनार का, मार याडीनं काय केलं थे?" याडी म्हणजे आई.

झमकूबाई ऐंशीच्या पुढच्या. अंगावर आरशांची कांचळी, खाली भरतकामाचा फेटिया, हातात कोपरापर्यंत बांगड्या. तांड्यातल्या लेकीसुना साड्या आणि पंजाबी ड्रेसमध्ये. असा पूर्ण पोषाख आता एकट्या झमकूबाईंचाच राहिलाय. अंगणात बाज टाकली, माझ्यापुढं ताट आलं: ज्वारीची भाकरी, तिला त्या बाटी म्हणतात, आणि तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, हिरवी आमटी. पहिल्या घासाला मला ठसका लागला. कोल्हापूरची बाई ठसकली म्हणून सगळा तांडा खूश झाला.

जेवल्यावर मी वही काढली. माझी एक पद्धत आहे, साक्षीदाराला आधी बोलू द्यायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा.

"तवा मी पाच वर्साची असन," झमकूबाई म्हणाल्या. "मास्तर आलता गावातून. कोळशानं भुईवर चाक काढून दाखोलं त्यानं. म्हने, इतके आरे पायजे. मार याडीले आकडे येत नव्हते. तिनं एका इसावर च्यार खडे मोजून घेतले, अन् एक आरा झाला का एक खडा बाजूले. तीन दिस उन्हात बसून होती."

"आणि झेंडा चढवला तेव्हा तुम्ही होतात?"

"होतो ना! बापाच्या खांद्यावर बसून पाह्यला. समदे लोकं उभे होते. झेंडा वर गेला अन् असा चमकला, असा चमकला, का मले डोळे मिटा लागले." आणि ऐंशी वर्षांच्या त्या बाईनं खरोखरच डोळे मिटून घेतले.

मी वहीत लिहिलं: खादी चमकत नाही. खाली एक रेघ ओढली. मग दुसरी ओढली. खडे मोजण्याची गोष्ट ऐकायला छान होती, आणि छान गोष्टींची मला धास्तीच असते. पाच वर्षांचं पोर, त्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षं, त्यात आईची माया. सुती कापड काय आरसा आहे का डोळे दिपवायला? रेशीम असतं तर एक वेळ मानलं असतं. मनात निकाल लागत आला होता.

"त्यानंतर झेंडा कधी पाहिलात?"

"कोन दाखवते आमाले? मारोतरावच्या घरी ट्रंकेत पडला हाये." मग त्यांनी माझं मनगट धरलं. बांगड्या खळकन वाजल्या. "बाई, आयका. माह्या याडीचा फोटो नाई. कोन्या कागदावर तिचं नाव नाई, सातबाऱ्यावर नाई, रेशनवर नाई. मी मेली का रुपली नावाची बाई होती, हे सांगाले बी कोनी रायनार नाई. म्हनून म्हनतो, दगडावर लिवा."

मी म्हटलं, "कापड काय सांगतं ते उद्या बघू." मलाच माझं बोलणं कोरडं वाटलं. रात्री कविताताईंच्या घरी पडल्यापडल्या मी ठरवत होते की या बाईला नाही कसं सांगायचं.

गाव, पंचवीस जानेवारी

मारोतरावांचं घर गावात शिरताच. अंगणात कापसाचा ढीग, त्यावर जुनं लुगडं झाकलेलं. माणूस पंचाहत्तरीचा, उंच, अदबशीर. मला खुर्ची देऊन स्वतः ओट्यावर बसले. पोहे आले, वर तर्री. ते आत ओरडले, "सांबार टाका वं पोह्यावर!" मी म्हटलं, पोह्यावर सांबार? हे काय नवीन? आली कोथिंबीर. इकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. कविताताई हसून हसून लाल झाल्या, मीही हसले, आणि मारोतराव मला आवडायला लागले. लगेच सावध झाले. आदरातिथ्य फार झालं की मला नेहमी वाटतं, पुढं काहीतरी झाकायचं असणार.

"माह्या बापानं, सखारामनं, नागपूरहून आणला झेंडा," ते म्हणाले. "जाताना पायी अन् रेल्वेनं, येताना भिजत. मरेपर्यंत सांगून राह्यला थो. आता तांड्याचे लोकं म्हनतेत आमी केला. म्हंजे माहा बाप खोटा का?"

ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास आला. मी हात धुतले, धुवट पांढरी चादर अंथरली आणि झेंडा तिच्यावर उलगडला.

खरं सांगते, पहिल्या नजरेतच कळलं की जुना आहे. हातसुताची, हातमागाची खादी. सूत जागोजागी जाड-बारीक. केशरी उतरून विटकरी झालेला, हिरवा शेवाळी. तिन्ही पट्टे हातानं जोडलेले. मी माझं धागे मोजायचं भिंग लावलं. हे कापड साठ सालचं नव्हे, आधीचंच. माझा पहिला संशय फोल ठरला. आणि पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध निळीनं रंगवलेल्या दोऱ्याचं, भरून काढलेलं चाक. मी आरे मोजले. चोवीस. पुन्हा मोजले. चोवीसच. छापील नाही, ठिगळ लावलेलं नाही, टाका टाका घालून केलेलं. उलटून बघितलं. मागच्या बाजूलाही तेच चाक, तितकंच स्वच्छ, एक गाठ दिसेल तर शपथ. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो, हे करणाऱ्या हाताला पुरतं ठाऊक होतं.

"नागपूरच्या शिंप्याचं काम," मारोतराव म्हणाले. असूही शकत होतं.

मग माझं लक्ष चाकाच्या आसाकडं गेलं. जिथं सगळे आरे येऊन मिळतात, तिथं भोक होतं. जुन्या आठ आण्याएवढं.

"उंदरानं कुरतडलं," मारोतराव म्हणाले. "मी लहान होतो तवापासून तसंच हाये."

उंदीर मला चांगले ठाऊक आहेत. बत्तीस वर्षं गोदामांतून हिंडलेय मी. उंदीर घडीवर कुरतडतो, म्हणून भोकं ओळीनं पडतात, चार-सहा, एकसारखी. नेमकं मध्यावर, एकच, गोल, असं कुरतडणारा उंदीर अजून जन्माला यायचाय. भिंग खाली नेलं. भोकाच्या कडेला अर्ध्या भागात कात्रीची सरळ धार, उरलेल्या भागात ओढून फाडल्यासारख्या दशा. कडा जुन्या, पिवळ्या पडलेल्या, म्हणजे हल्ली कुणी केलेलं नाही. आणि भोकाभोवती सुईची छिद्रं, जवळजवळ, वर्तुळात. काही छिद्रांतून निळ्या दोऱ्याची बारीक टोकं अजून डोकावत होती. काजाला घालतात तसला टाका. शिवाय चार बाजूंना चार वेगळी छिद्रं, चौकोनात.

म्हणजे इथं काहीतरी होतं. गोल, आठ आण्याएवढं, दोऱ्यानं जखडलेलं. आणि कुणीतरी ते कापून काढलं होतं.

मी भिंग खाली ठेवलं. कानात झमकूबाईंचा आवाज आला: असा चमकला, असा चमकला. माझ्या तोंडून "अगं आई गं!" निघालं. मारोतराव घाबरून उभे राहिले.

"काय झालं बाई?"

"काही नाही. मारोतराव, हा झेंडा तांड्यातल्या कुणी जवळून पाहिलाय का कधी?"

"कोनीच नाई. बाप होता तवर तोच काढे, वर्सातून एकदा. मंग मी. घरच्या बायकाईले बी हात लावू नाई दिला."

कविताताई म्हणाल्या, "मीबी माप घेतलं थे घडीवरूनच. उलगडूच देल्ला नाई यायनं."

म्हणजे तांड्याला हे भोक माहीतच नव्हतं. माहीत नसलेल्या भोकासाठी कुणी गोष्ट रचत नाही. तरी माझा संशय इतक्या सहजी सुटत नाही. मी कविताताईंना म्हटलं, चला, स्कूटी काढा. मारोतरावही मागून आपल्या मोटारसायकलीवर निघाले. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि ते मला पटलं.

झमकूबाई अंगणात सोले सोलत होत्या. मी भोकाबद्दल अवाक्षर काढलं नाही. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचा नसतो. नुसतं विचारलं, "तुमच्या या कामात आरसा कशाला लावतात?"

"आं? आरसा नाई लावला तं काम उघडं रायते," त्या म्हणाल्या. "नजर लागते. वाईट नजर आरशावर पडली का परतून जाते. लेकराची टोपी असो, बैलाची झूल असो, एक तरी आरसा पायजेच."

"आईच्या हातचं काही आहे?"

त्या आत गेल्या आणि एक बटवा घेऊन आल्या. मूळचा रंग ओळखू येत नव्हता, कडेच्या कवड्या निम्म्या गळालेल्या, मधे एकच आरसा. मी भिंग लावलं. आरशावर आधी चार दोऱ्यांची चौकट, चौकोनात चार छिद्रं. मग तिच्यावर काजाच्या टाक्याचा फेर. इथवर कुठल्याही बंजारा बाईचं काम असंच असणार. पण हा फेर उलटा फिरला होता. झमकूबाईंच्या स्वतःच्या कांचळीवरचे सगळे फेर सुलट, आणि बटव्यावरचा एक उलट. झेंड्यावर उरलेल्या दोऱ्याच्या टोकांचा कलही मी वहीत काढून आणला होता. तोही उलट.

"आई कोणत्या हातानं शिवायची?"

झमकूबाई हसल्या. दात चार, पण हसू भरपूर. "तुमाले कोनं सांगतलं? डाव्या! त्यापायी सासूचे लय बोलणे खाल्ले तिनं. पोरी, डाव्या हाताचा टाका अशुभ असते म्हने."

मी वही मिटली. मग मी मारोतरावांना आणि त्यांना समोरासमोर बसवून सगळं सांगितलं: नवं चाक ठरून चोवीस दिवसही झाले नव्हते, तेव्हा चाकाचे झेंडे दुकानात कुठून असणार? सखारामजींनी नागपूरहून तीन रंगांचं कापड आणलं असणार, मधला पट्टा कोरा. चाकाची बातमी मास्तरला वर्तमानपत्रातून कळली असणार, आणि चाक इथं, या अंगणात झालं. आणि त्या बाईनं देशाचा झेंडाही तिच्या रीतीप्रमाणंच पुरा केला. एवढं मोठं काम, सगळं गाव टक लावून बघणार, मग नजर लागू नये म्हणून मधोमध एक आरसा. तो उन्हात चमकला. पाच वर्षांच्या पोरीनं तेवढंच बघितलं आणि तेवढंच खरं सांगितलं.

झमकूबाईंनी ओढणी तोंडावर घेतली. खांदे हलत होते. मग मारोतराव उठले. "म्हंजे माहा बाप अर्धा खोटा," ते म्हणाले आणि चहा तसाच टाकून गेले. मोटारसायकलचा आवाज टेकडीपर्यंत ऐकू येत होता.

कविताताईंनी पाटीवाल्याला फोन लावला. मजकूर मी सांगितला.

आरसा कुणी कापला, हे मला कळलं नाही, आणि तोच संशय मी घरी घेऊन आलेय. मास्तरनं असेल, सखारामजींनी असेल, तालुक्याहून आलेल्या एखाद्या साहेबानं असेल. कुणी असो, मला तो माणूस चांगला ओळखीचा आहे. त्यानं झेंडा बघितला असेल, नियमात नसलेली एक गोष्ट त्याला दिसली असेल, आणि कुणी लावली, का लावली, हे न विचारता त्यानं कात्री घेतली असेल. माझ्या टेबलावर हा झेंडा आला असता तर मीही नापासचा शिक्का मारला असता. हजारो झेंड्यांचे आरे मोजले मी. शिवणारीचं नाव एकदाही विचारलं नाही. त्या रात्री मला याची फार लाज वाटली.

सव्वीस जानेवारी

ग्रामपंचायतीच्या पटांगणात गाव आणि तांडा दोन वेगळ्या बाजूंना उभे होते. सवयीनं मी नव्या झेंड्याचंही कापड निरखलं. पॉलिएस्टर. आता त्यालाही परवानगी आहे, काय बोलणार? सव्वीस जानेवारीला झेंडा वर बांधूनच ठेवतात आणि दोरी ओढून उघडतात. पंधरा ऑगस्टला खालून चढवतात. हा फरक तिथं फक्त मला ठाऊक होता, असं मला वाटलं. शेजारचे आजोबा तोच फरक नातीला समजावून सांगत होते.

राष्ट्रगीत झालं. आदल्या संध्याकाळीच मारोतरावांच्या घरून आलेला जुना झेंडा काचेच्या चौकटीत भिंतीवर होता. आदल्या संध्याकाळी झमकूबाईंनी हळूच विचारलं होतं, "मी आरसा लावून देऊ का त्याले?" मी नको म्हटलं होतं. भोकही आता त्या झेंड्याचंच आहे, त्याला हात लावायचा नाही. त्या रुसल्या होत्या.

पाटीवरचा रुमाल कविताताईंनी ओढला. मारोतराव कुठं दिसत नव्हते. झमकूबाई काठी टेकत पाटीपाशी आल्या. अक्षरांवर बोट ठेवलं. मग माझ्याकडं वळल्या.

"वाचा."

मी वाचलं, "हा ध्वज पंधरा ऑगस्ट एकोणीसशे सत्तेचाळीस रोजी या गावी चढवला. कापड आणणारे, सखाराम. चाक शिवणारी, रुपलीबाई, तांडा."

त्यांनी मान डोलावली नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मला ती नजर ओळखीची वाटली, कारण ती माझीच होती. म्हातारी माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला तयार नव्हती! लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला काय, कुणीही काहीही वाचून दाखवेल. त्यांनी शाळेच्या रांगेतली एक मुलगी बोलावली. "वाच वं." मुलीनं वाचलं. झमकूबाईंनी तिलाही परत पाठवलं. मग गावाच्या बाजूचा एक फेटेवाला बोलावला. त्यानंही वाचलं. कविताताई म्हणाल्या, "आजी, आता तं खरं माना!" पण झमकूबाई हलेनात. तिघं एकाला मिळालेले असू शकतात, हे त्यांना कळत होतं. बत्तीस वर्षांत एवढी चोख तपासणी मी पाहिली नव्हती.

इतक्यात गर्दी बाजूला झाली आणि मारोतराव पुढं आले. धुवट धोतर, डोक्यावर टोपी. उशीर झाला म्हणून कुणाची माफी मागितली नाही. झमकूबाईंनी काठी उचलून सरळ त्यांच्याकडं रोखली.

"तू वाच."

मारोतरावांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, डोळ्यांवर चढवला. आधी त्यांनी बापाचं नाव वाचलं. तिथं थांबले.

"चाक शिवनारी," ते म्हणाले, "रुपलीबाई. तांडा."

झमकूबाईंनी डोळे मिटून घेतले, तांड्यावर माझ्यासमोर मिटले होते अगदी तसेच. मग एक डोळा उघडला.

"पुन्यांदा," त्या म्हणाल्या. "जोरानं."

आणि मारोतरावांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं वाचायला सुरुवात केली.